नवा जन्म म्हणजे पुनर्जन्म नव्हे: मंडळीत मूळ सिद्धांत शिकवताना

ऐरोलीतल्या एका घरसभेत मी नव्या जन्मावर चाळीस मिनिटं बोललो होतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, निकदेम या यहुदी गुरूने येशूची रात्री घेतलेली भेट, शेवटी प्रार्थना. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. चहा आला. शेजारच्या एक मावशी मुद्दाम ऐकायला येऊन बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, मग मागच्या जन्मी आपण कोण होतो, ते तुमच्यात कसं बघतात?"

मावशींचं काहीच चुकलं नव्हतं. मी 'नवा जन्म' म्हणालो आणि मराठीत त्या शब्दांचा जो अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय तोच त्यांनी घेतला. चाळीस मिनिटांत तो अर्थ मी एकदाही सोडवून सांगितला नव्हता, कारण माझ्या कानाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी शंभर पानी वही काढली आणि आपला विश्वास ज्या शब्दांवर उभा आहे ते एकाखाली एक लिहिले: देव, आत्मा, पाप, प्रायश्चित्त, देहधारण, तारण, कृपा, पुनरुत्थान, मंडळी (म्हणजे चर्च). प्रत्येकापुढे दोन रकाने आखले. एकात आपण काय म्हणतो, दुसऱ्यात ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं. दुसरा रकाना मी स्वतःच्या मनाने कधीच भरला नाही. लोकांना विचारून भरत गेलो.

पुढे जे लिहितोय ते त्या वहीतलं आहे. ज्यांना पाळकसाहेबांनी पहिल्यांदाच "पुढच्या रविवारी संदेश तुम्ही द्या" असं सांगितलंय, किंवा ज्यांच्या हाती संडेस्कूलचा किंवा दृढीकरणाचा, म्हणजे तरुणांना विश्वासात पक्कं करण्याचा, वर्ग दिलाय, त्यांच्यासाठी. मी सेमिनरीत शिकलेलो नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात एकतीस वर्षं मोजमापाचं काम केलं आणि रविवारी शिकवलं. आमची मंडळी सेक्टरमधल्या शाळेचा हॉल भाड्याने घेऊन उपासना करते. निम्मी माणसं नगर, जालना, सोलापूरकडून आलेली, बरीच शिफ्टमध्ये काम करणारी. रात्रपाळी करून तसेच हॉलवर येणारे दरवेळी दोन-तीन असतातच. तुमची मंडळीही बहुधा अशीच असेल.

नव्या जन्माचं आधी पूर्ण करतो. नवा जन्म झाला पाहिजे असं येशू म्हणाला, तेव्हा निकदेमाचाही नेमका मावशींसारखाच गोंधळ झाला होता: म्हातारं माणूस पुन्हा आईच्या पोटात कसं शिरणार? मूळ ग्रीक शब्द आहे 'अनोथेन'. त्याचा अर्थ 'पुन्हा' असा होतो आणि 'वरून' असाही होतो. निकदेमाने 'पुन्हा' ऐकलं. येशू मात्र वरून, देवाकडून होणाऱ्या जन्माबद्दल बोलत होता. दहाव्या वचनात तो निकदेमाला म्हणतो, इस्राएलाचा गुरू असून तुला हे कळत नाही? म्हणजे हे निकदेमाने आधी वाचलेलं असायला हवं होतं. कुठे? यहेज्केलाच्या ३६व्या अध्यायात, २५ ते २७ या वचनांत. शुद्ध पाणी शिंपडीन, दगडाचं हृदय काढून मांसाचं देईन, माझा आत्मा तुमच्यात घालीन. येशू निकदेमाला ज्या पाण्याविषयी आणि आत्म्याविषयी बोलला ते दोन्ही तिथे आहेत.

म्हणून आता मी यहेज्केल आधी वाचतो आणि योहान नंतर. पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकतो की हा जन्म मेल्यावर होत नाही, जिवंतपणी होतो. शरीर तेच, नाव तेच, घर तेच, कर्जाचे हप्तेही तेच. बदलतो तो आतला माणूस, आणि त्याला बदलणारा देव आहे. जोडीला इब्री ९:२७ ठेवतो: माणसाला मरण एकदाच नेमलेलं आहे. पुढच्या आठवड्यात त्या मावशींकडे जाऊन हे सांगितलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आत्ताच व्हायला पाहिजे म्हणा की." वहीच्या त्या पानावर तेच वाक्य लिहिलेलं आहे. माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा ते चांगलं आहे.

विषय कुठून घ्यावेत

नवीन माणूस आवडते शास्त्रभाग घेत राहतो. दोन-तीन महिन्यांत मंडळी त्याच्या आवडीची होते आणि देवाविषयी तिला काय कळलं ते कुणालाच सांगता येत नाही. मूळ सिद्धांत शिकवायचे असतील तर प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते थोडक्यात सांगणारं कबुलीपत्र, समोर ठेवा आणि ओळीओळीने चला. उपासनेत आपण तो उभं राहून जेमतेम मिनिटभरात म्हणून टाकतो. शिकवायला घेतला तर चौदा-पंधरा रविवार सहज पुरतो.

त्याचा उगम वर्गाला जरूर सांगा. नाव प्रेषितांचं असलं तरी तो त्यांनी बसून लिहिलेला नाही. रोमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून तो वाढत गेला. माणूस पाण्यात उभा असायचा आणि त्याला विचारायचे, सर्वसमर्थ देवपित्यावर विश्वास ठेवतोस का? तो म्हणायचा, ठेवतो. मग पाण्यात. पुन्हा प्रश्न, पुत्राविषयी. पुन्हा पाण्यात. मग पवित्र आत्म्याविषयी. मी वर्गात हे तसंच करून दाखवतो, पाण्याशिवाय. एकाने विचारायचं, एकाने उत्तर द्यायचं. ज्याला दुसऱ्यासमोर उभं राहून 'ठेवतो' म्हणावं लागतं तो आपण काय म्हणतोय याचा विचार करायला लागतो.

एक ओळ अशी आहे की तिथे तरुण मुलं हमखास थांबतात. अख्ख्या मतांगीकारात येशूखेरीज दोनच माणसांची नावं आहेत, मरीया आणि पंतय पिलात. ज्याने अन्यायाचा निवाडा दिला त्या सुभेदाराचं नाव दर रविवारी कशाला घ्यायचं? प्रश्न चांगला आहे, तो दाबू नका. पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता. १९६१ मध्ये कैसरीयाच्या उत्खननात त्याचं नाव कोरलेला दगडही सापडला. 'कोणे एके काळी' म्हणून सुरू होणाऱ्या गोष्टीत सुभेदाराचं नाव नसतं. आपण सांगतो ते अमक्या माणसाच्या अमलाखाली, अमक्या शहराबाहेर घडलं, ही साक्ष ते नाव देतं. ही ओळ समजलेला मुलगा पुढचं सगळं वेगळ्या कानाने ऐकतो.

गेज

आता अवघड भाग. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, हे कसं शिकवायचं?

माझ्या कामातली एक वस्तू सांगतो. बोअर, म्हणजे जॉबमध्ये (घडवायच्या भागात) पाडलेलं भोक, तपासायला आमच्याकडे प्लग गेज असायचा. वीतभर लांब, दोन्ही टोकांना घासून आरशासारखे केलेले गोल भाग. एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो', त्या बाजूला लाल पट्टी. 'गो' टोक भोकात अलगद उतरलं पाहिजे, 'नो-गो' टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. दोन्ही झालं की जॉब पास. गेज जॉब बनवत नाही, तो फक्त मर्यादा सांगतो. आणखी एक गोष्ट शॉप फ्लोअरवरचा प्रत्येक कामगार जाणतो. 'गो' टोक उतरलं नाही, म्हणजे भोक लहान राहिलं, तर जॉब पुन्हा मशीनवर चढवता येतो. 'नो-गो' टोक आत गेलं, म्हणजे जास्त कापलं गेलं, तर तो जॉब भंगारात. धातू परत लावता येत नाही.

मंडळीच्या जुन्या परिषदांनी असेच गेज करून ठेवले आहेत. अलेक्झांड्रियाचा अरियस शिकवू लागला की पुत्र निर्माण केलेला आहे, एक वेळ अशी होती की तो नव्हता. ३२५ साली निकेयाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, बिशप जमले आणि त्यांनी ठरवलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, घडवलेला नव्हे. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने मांडला गेला. ४५१ मध्ये खाल्किदोनला ख्रिस्ताच्या देवपणाविषयी आणि मनुष्यपणाविषयी चार शब्द ठरले आणि ते चारही नकाराचे आहेत: मिसळ न होता, बदल न होता, फूट न पडता, वेगळं न होता. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला लाल पट्टीच दिसली. आत नेमकं काय आहे ते त्या बिशपांनी पूर्ण सांगितलं नाही. कुठे जायचं नाही तेवढं पक्कं केलं.

फळ्यावर मी सात ओळी लिहितो. देव एकच आहे. पिता देव आहे. पुत्र देव आहे. पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नव्हे. पुत्र आत्मा नव्हे. आत्मा पिता नव्हे. मग एकेक ओळ पुसतो आणि विचारतो, ही नसली तर काय होईल? पहिली पुसली तर तीन देव. तिसरी पुसली तर अरियस. शेवटच्या तीन पुसल्या तर एकच देव तीन मुखवटे घालून आला असं होतं, आणि ही शिकवण तिसऱ्या शतकातच मंडळीने नाकारली होती. मुलं हे स्वतः शोधून काढतात. यात अर्धा तास जातो. जाऊ द्या.

पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण वापरू नका. मी स्वतः कितीतरी वर्षं ते वापरलं. तेच पाणी आधी बर्फ आणि मग वाफ होतं, म्हणजे तोच तो मुखवट्यांचा प्रकार. मत्तय ३:१६-१७ उघडा: पुत्र यार्देन नदीतून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून होतेय. तिघं एकाच क्षणी. पाण्याचं उदाहरण तिथे मोडतं. नारळाचं कवटी, खोबरं, पाणी हे उदाहरणही नको, कारण एकटं खोबरं म्हणजे नारळ नव्हे, पण पुत्र एकटा पूर्ण देव आहे.

मराठी माणसाला तीन म्हटलं की ब्रह्मा-विष्णू-महेश किंवा दत्ताची मूर्ती डोळ्यांपुढे येते. हे टाळता येणार नाही, म्हणून आपणच आधी काढावं, आणि आदराने काढावं. "तुमच्या मनात त्रिमूर्ती आली असेल. आम्ही सांगतो ती गोष्ट वेगळी आहे, ती कशी ते ऐका," एवढं पुरतं. उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी पवित्र शास्त्रात नाही. निर्मितीच पाहा: पिता निर्माण करतो, शब्दाच्या द्वारे करतो असं योहान १:३ सांगतं आणि आत्मा जलांवर तरंगत असतो हे उत्पत्ती १:२ मध्ये आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेवर एकही शब्द टाकू नका. आपलं सांगणं पुरेसं मोठं आहे.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न येतोच. मी योहान १७:२४ वाचतो. येशू पित्याला म्हणतो, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हाही देव प्रीती करत होता. तो एकटा, एकाकी असता तर 'देव प्रीती आहे' हे वाक्य जग निर्माण झाल्यावरच खरं ठरलं असतं. त्याला आपली गरज होती म्हणून त्याने आपल्याला केलं नाही. भरलेल्या घरातून बोलावणं आलं आहे. त्रैक्य मला याच वचनाने कळलं, आणि ते शिकवताना आजही माझा आवाज थोडा जड होतो.

देह आणि मासा

'देव मनुष्य झाला' म्हटलं की 'अवतार' हा शब्द ओठांवर येतो. भांडू नका, फरक दाखवा. हे एकदाच झालं, पुन्हा पुन्हा होत नाही. रूप घेऊन परत ठेवून दिलं असंही नाही, पुनरुत्थानानंतरही, म्हणजे मरणातून उठल्यावरही, तो मनुष्यच आहे. आणि देह खरा आहे: विहिरीपाशी दमून बसतो (योहान ४:६), मित्राच्या कबरेपाशी रडतो (योहान ११:३५).

ऐरोलीच्या खाडीकडच्या एका कोळी घरात मी लूकच्या २४व्या अध्यायातला तो प्रसंग वाचला. शिष्यांना वाटतं की भूत दिसतंय. येशू म्हणतो, भुताला हाडमांस नसतं, हात लावून पाहा. मग विचारतो, तुमच्याकडे खायला काही आहे का? ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. घरातल्या आजी जाळं सारखं करत ऐकत होत्या. त्यांचा हात थांबला. "समोर बसून खाल्ला? काटे काढून?" मी म्हटलं, शास्त्रात काटे लिहिलेले नाहीत, पण मासा होता म्हणजे काटे असणारच. त्या म्हणाल्या, "मग भूत नव्हता." पुढे मी योहान २१ वाचला: किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, भाकरी, आणि जाळ्यात मोजून १५३ मोठे मासे. मोजले कशाला, असं नातवाने विचारलं. आजींनीच उत्तर दिलं, "मासे मोजतातच. वाटा करायचा असतो." कुठल्याही टीकाग्रंथाने मला ते वचन इतकं जवळ आणून दिलं नव्हतं. ज्याच्या घरात जाता त्याच्या हाताला माहीत असलेली गोष्ट शास्त्रात शोधा. ती बहुतेक वेळा सापडते.

प्रायश्चित्त

वहीत सर्वांत जास्त पानं या शब्दाची आहेत. मराठीत प्रायश्चित्त ज्याने पाप केलं तो घेतो: उपास करतो, दान देतो, कष्ट सोसतो. म्हणून आपण "ख्रिस्ताने प्रायश्चित्त केलं" म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, त्याचं काय चुकलं होतं? मी लेवीय १७:११ पासून सुरू करतो. वेदीवरचं रक्त प्रायश्चित्तासाठी 'मी तुम्हांला दिलं आहे' असं देव म्हणतो. ज्याच्याविरुद्ध पाप झालं तोच फेडीची सोय करतोय. वधस्तंभ हाच धागा पुढे नेतो.

इथे मी वडिलांची गोष्ट सांगतो. ते प्राथमिक शिक्षक होते. एका सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिले. त्याने हप्ते भरणं सोडलं. मग वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली, चार वर्षं. आईने त्या पगारपत्रिका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. शाई फिकी झालेली, पण 'जामीन कपात' हे दोन शब्द आणि पुढचा आकडा अजून वाचता येतो. त्या चार वर्षांत आमच्या घरी दिवाळीचे कपडे झाले नाहीत. आठवडी बाजारात तो माणूस दिसला की तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीत वळायचा, आणि वडील त्याला हाक मारून थांबवायचे आणि मुलांची चौकशी करायचे. इब्री ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. ते वचन वाचलं की मला ती पगारपत्रिका दिसते.

उदाहरण सांगितलं की ते कुठे तोकडं पडतं तेही त्याच दमात सांगा. वडिलांना माहीत नव्हतं की तो बुडवणार आहे. येशूला माहीत होतं आणि तरी तो जामीन राहिला. वडिलांच्या गोष्टीत पैसे मागणारी पतसंस्था वेगळी होती. इथे ज्याला आपण देणं लागतो तो आणि फेडणारा वेगळे नाहीत. हे नाही सांगितलं तर लोकांच्या मनात रागावलेला बाप आणि मध्ये पडून मार खाणारा मुलगा असं चित्र उरतं. ते चुकीचं आहे. ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाचा स्वतःशी समेट करत होता, २ करिंथकर ५:१९. आणि माझा प्राण कोणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो, योहान १०:१८. ही दोन वचनं पाठ असू द्या.

यानंतर कृपा शिकवणं सोपं जातं. हा शब्द मराठी कानाला परका नाही, संतांच्या अभंगांनी तो घरोघरी पोचवला आहे. अडचण येते ती पाप-पुण्याच्या खातेवहीची, आणि ती खातेवही आपल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतही असते: उपासना चुकवली नाही, दशमांश दिला, आता देव काहीतरी देणं लागतो. इफिसकर २:८-९, म्हणजे तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, हे सगळे वाचतात. दहावं वचनही वाचा, म्हणजे सत्कृत्यं आधी की नंतर हा वाद मिटतो. 'नीतिमान ठरवणं' हा कोर्टातला शब्द आहे, निकाल लागल्याचा, हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

पवित्र आत्म्याविषयी एकच सावधगिरी. मुलं 'आत्मा' ऐकली की टीव्हीवरच्या मालिकेतलं भूत आठवतात आणि मोठी माणसं शक्ती, करंट असं काहीतरी. शक्तीशी कोणी खोटं बोलत नाही, शक्ती खिन्न होत नाही. कृत्ये ५:३-४, इफिसकर ४:३०, रोमकर ८:२६ ही वचनं ओळीने वाचली की 'ते' जाऊन 'तो' येतं.

पुनरुत्थान मात्र वर्गात कमी आणि स्मशानात जास्त शिकवलं जातं. ईस्टरच्या पहाटे आपण दफनभूमीत जमतो, कबरींवर मेणबत्त्या असतात, तेव्हा १ करिंथकर १५ वाचा. प्रेषित पौलाने ते पत्र घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांतच लिहिलं. पाचशेहून अधिक भावांनी येशूला पाहिलं, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो म्हणतो. म्हणजे जाऊन विचारा. आणि तीन शब्द वेगळे करून सांगा: आत्मा अमर असणं, पुनर्जन्म, पुनरुत्थान. आपली आशा तिसऱ्यावर आहे, देहासकट. पौल दाण्याचं उदाहरण देतो. भाताचं आवण टाकलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगावं लागत नाही.

आठवडा कसा लावायचा

सोमवारी शास्त्रभाग ठरवा आणि रोज एकदा मोठ्याने वाचा. मी ट्रेनमध्ये मनात वाचायचो आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने. बुधवारपर्यंत एक वाक्य लिहा, एकच, की या रविवारी मंडळीने हे घेऊन जायचं. ते वाक्य घरातल्या कुणाला तरी सांगा आणि पुढच्या दिवशी विचारा, काल मी काय सांगितलं होतं? माझी बायको जे सांगायची त्यावरून मी पुष्कळ संदेश शुक्रवारी बदलले आहेत. पंचवीस मिनिटांवर जाऊ नका, रात्रपाळीचा माणूस समोर आहे. ओरडू नका. माईक असेल तर मुळीच ओरडू नका.

वर्गात "समजलं का?" हा प्रश्न विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. "हे तुमच्या शेजारणीला कसं सांगाल?" असं विचारा. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि नाव न घालता प्रश्न लिहून घ्या. उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणा आणि पुढच्या रविवारी खरोखर सांगा.

बाहेरची माणसं येतात तेव्हा दुप्पट जपा. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. तो हक्क शेजाऱ्यालाही आहे. कुणाच्या मुलांना आईबापांच्या परवानगीशिवाय वर्गात बसवू नका. वस्तू, नोकरी, शाळेचा प्रवेश यांची भाषा सुवार्तेत येता कामा नये. प्रार्थना करा, पण "औषध बंद करा" असं कधीही म्हणू नका. एका सभेत एका पाहुण्या उपदेशकाने असं म्हटलेलं मी ऐकलं आहे, आणि मधुमेहाची गोळी सोडलेल्या एका बाईंना त्यानंतर आम्ही रात्री दवाखान्यात नेलं आहे. शास्त्रापेक्षा जास्त बोलणं म्हणजे लाल पट्टीचं टोक आत जाणं.

चिठ्ठ्यांबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात दृढीकरणाच्या वर्गात एक चिठ्ठी आली: "माझी आई विश्वासणारी नव्हती. ती गेली. ती कुठे आहे?" अक्षरावरून मला कळलं कुणाची ते. कॉलेजात जाणारा मुलगा, वर्षभरापूर्वी मंडळीत आलेला. ती चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही, खिशात ठेवली. वर्ग सुटल्यावर त्याला म्हटलं, चल, स्टेशनपर्यंत येतो.

रबाळे स्टेशनच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो. मी त्याला उत्पत्ती १८:२५ सांगितलं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तो न्याय करणार नाही काय, असं अब्राहाम देवाला विचारतो ते. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं सांगितलं, की शेवटच्या तासात त्याच्या मनात काय झालं ते येशूखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "काका, म्हणजे नक्की सांगता येत नाही." मी म्हटलं, नाही, मला सांगता येत नाही. आईबद्दल सांग. तो सांगू लागला. ती तुर्भ्याला भाजी विकायची, पहाटे तीनला उठायची, याच्या फीचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवायची. ठाण्याची गाडी आली, आम्ही ती सोडली. त्यानंतरचीही सोडली.